माळावर मारवेल धरलं

मी सासरी नांदायला आले तेव्हा दसरा नुकताच झाला होता. पालमहून गाडीवाटेनं आत गेलं की आमचं गाव. निजामाचं राज्य होतं, आणि जर्मनची दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात चुलीपाशी बसवतात. मला मात्र थोरल्या जाऊबाईंनी हाताला धरून वाड्याकडं, म्हणजे मेंढरांच्या काट्याच्या कुंपणाकडं नेलं आणि म्हणाल्या, "बस इथं. मेंढरू मांडीत घे. कुसळं काढ."

आमच्या घराला लागून वर मोठा माळ होता. तो आमच्याच मालकीचा, पण त्यावर कुसळीशिवाय दुसरं गवत म्हणून उरलं नव्हतं. कुसळी हिरवी असते तोवर जनावरं खातात. दसऱ्यानंतर ती वाळते, तिचं बी पिकतं, आणि त्या बियाला सुईसारखं टोक असतं. ते लोकरीत शिरतं, लोकरीतून कातडीत, कातडीतून मांसात. ओठात घुसलं की मेंढरू तोंड उघडत नाही. डोळ्यात गेलं की डोळा जातो. मी पहिल्या दिवशी जिला मांडीत घेतलं ती मेंढी एका डोळ्यानं आंधळीच होती. तिच्या गळ्याखालून मी मूठभर कुसळं काढली आणि माझी बोटं रक्ताळली.

थोरले भावजी माझ्या लग्नाआधीच वारले होते. त्यांच्यामागं सगळा कळप जाऊबाईंनीच राखला. उंच, हडकुळ्या, काठी खांद्यावर आडवी घेऊन चालायच्या. मेंढरांशी बोलायच्या तशा माणसांशी बोलायच्या नाहीत. पण त्या दिवशी माझी बोटं बघून म्हणाल्या, "मामा म्हणायलेत, अवंदाच्या नाही तर म्होरल्या दिवाळीनंतर समदी मेंढरं बाजारात न्यायची. चारा न्हाई, कशाला ठिवायची? मग तुला हे काम न्हाई ऱ्हायचं."

मामा म्हणजे आमचे सासरे. एवढं सांगून जाऊबाई हसल्या, पण ते हसू मला बघवेना. मेंढरं गेली तर ह्या बाईनं दिवसभर करायचं काय, हा विचार मला त्या क्षणी आला आणि तो गेलाच नाही.

माझं माहेर वालूरचं. पहिल्या दिवाळसणाला मी तिकडं गेले, आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहिले. जन्मापासून जे गवत मी बघत आले होते, ते मला पहिल्यांदा दिसलं. धुऱ्यावर मारवेल होतं, कमरेइतकं, कांड्यांवर जांभळी झाक, वर बोटांसारखी पसरलेली कणसं. पलीकडं पडीक तुकड्यावर पवन्या नावाचं दुसरं गवत वाऱ्यानं लवत होतं. वडिलांची बैलं हे खाऊन तुकतुकीत होती. मी हात फिरवला तर मुठीत मऊ, लोकरीसारखं बी आलं. ना टोक, ना कुसळीसारखं टोचणं.

मी धावत वडिलांकडं गेले. "दादा, हे आमच्या माळावर येईल का?"

वडील विडी ओढत होते. म्हणाले, "माळ कोन्चा बी आसंल, गवत मूळचं तिथलंच आस्तं. तुमच्या माळावर बी पूर्वी आसंलच. चरून चरून संपलं आसंल. येईल की. पन औंदाचं बी लगेच टाकू नको. त्येला एक उन्हाळा खाऊ दे. ताजं बी झोपलेलं आस्तं."

मग काय! भाऊबीज बाजूला राहिली. मी आणि आईनं उन्हं उतरेपर्यंत मुठी भरभरून मारवेलाचं आणि थोडं पवन्याचं बी ओरबाडलं. जुन्या लुगड्यात बांधलं तर गाठोडं गाभण म्हशीच्या पोटाएवढं झालं, आणि वजन म्हणाल तर मांजराच्या पिलाचं.

आमचे हे मला न्यायला आले. सेलूहून आगगाडीत बसलो. गाठोडं मी मांडीवर घेतलं होतं. परभणी यायच्या आधी तिकीट बघणारे साहेब डब्यात आले. डोक्यावर लाल रुमी टोपी, मिशा टोकदार. गाठोड्यावर बोट ठेवून म्हणाले, "क्या है बाई इसमें? कापूस?"

मी म्हटलं, "गवताचं बी."

"घास का बी? घास बी कोई बोता है क्या?" त्यांनी गाठ सैल केली. खिडकी उघडी होती. वारा आत शिरला आणि मारवेलाचं बी भुर्रकन उडालं. साहेबांच्या टोपीवर, मिशांत, समोरच्या म्हाताऱ्याच्या मुंडाशावर, एका बाईच्या भाकरीवर. डबा हसून लोटपोट. साहेब तीनदा शिंकले आणि मग तेही हसायला लागले. ह्यांनी मात्र तोंड खिडकीबाहेर काढलेलं, जणू ही बाई त्यांची कुणी लागतच नाही. मी बाकाखाली शिरून बी वेचत होते. शेवटी साहेबांनी आपली टोपी काढून माझ्या लुगड्यावर झटकली आणि म्हणाले, "जाव बेटी, बोव. उगा तो हमकू बी बोलना." पेर, आणि उगवलं तर आम्हालाही सांग, म्हणे!

गंगाखेडला उतरून बैलगाडीत बसेपर्यंत हे माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "त्या म्हाताऱ्याच्या मुंडाशातलं ऱ्हाऊन गेलं की गं." आणि आम्ही दोघं गाडीवान वळून बघेपर्यंत हसत सुटलो.

जाऊबाईंनी गाठोडं उघडलं, बी तळहातावर घेतलं, नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा पालटला. "हे मारवेल हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या लहानपनी गंगाकाठाला व्हतं. मेंढरं ह्येच्यासाठी भांडायची." गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. जाऊबाईंनी गाठोडं आढ्याला टांगलं, उंदरांना पोचणार नाही असं, आणि उन्हाळाभर येता-जाता त्याच्याकडं वर बघायच्या.

मामांना विचारायचं काम माझ्यावर आलं. मी पदर नीट करून दाराआडून म्हटलं, "मामा, वरच्या माळाचा नाल्याकडचा तुकडा आमाला द्या. कुंपन करतो. गवत पेरतो."

मामा जेवत होते. घास हातातच राहिला. "गवत? पेरता?" त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. "लोक गवत उपटून जवारी पेरतेत, अन् ह्या गवत पेरायला निगाल्यात." पण मग जाऊबाईंकडं त्यांची नजर गेली. त्या चुलीपाशी मान खाली घालून बसल्या होत्या. मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "करा," म्हणाले. "पन मेंढरांचं ठरलंय ते ठरलंय. दिवाळीनंतर बाजार."

उन्हाळ्यात आम्ही दोघींनी बोरी-बाभळीच्या काट्या ओढून तुकड्याला कुंपण घातलं. कुसळीचे ठोंब खणून काढले. हे हसत हसत का होईना मदतीला आले, पण त्यांची एक अट होती. अर्धं बी ते तिफणीनं पेरणार. "पेरनी मंजे पेरनी," म्हणाले. "हातानं उधळायला हे काय लग्नातल्या अक्षता हायेत?" जाऊबाई म्हणाल्या, "घ्या, तुमी पेरा. आमी उधळतो."

आमची उधळण निम्मी होते न होते तोच संकट उभं राहिलं. पाऊस पडायला अजून चार दिवस होते, आणि मुंग्यांनी आमचं बी पाहिलं. सकाळी बघते तर माळावर काळ्या दोऱ्या पसरलेल्या, आणि प्रत्येक मुंगीच्या डोक्यावर एकेक मारवेलाचा दाणा, जशी लग्नाची वरातच. जाऊबाई एका रांगेमागं चालत चालत वारुळापर्यंत गेल्या आणि तिथं उभ्या राहून मुंग्यांना अशा शिव्या दिल्या की मी पोट धरून बसले.

"हसायलीस काय!" त्या माझ्यावरच ओरडल्या. "शेन आन. राख आन."

उरलेलं बी आम्ही शेणकाल्यात आणि तांबड्या मातीत कालवलं, वरून राख लावली, आणि हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळून सावलीत वाळवल्या. पाऊस झाला, माती भिजली, तशा त्या गोळ्या टाकल्या. थोड्या मडक्यात राखून ठेवल्या. मुंग्या आल्या, गोळीभोवती फिरल्या आणि परत गेल्या. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून टाळ्या पिटल्या.

त्यानंतर मी रोज सकाळी माळावर जायची. उभं राहून काही दिसायचं नाही. मग एका सकाळी मी सरळ पालथी झोपले, गाल मातीला लावला, आणि उजेडाच्या बाजूला बघितलं. आणि दिसलं! केसाएवढे बारीक हिरवे धागे, बुडाशी जांभळे, एकेका गोळीतून दोन दोन, तीन तीन. एक दिसला की दुसरा दिसायचा. सगळा तुकडा त्यांनी भरला होता आणि मी त्यांच्यावरून चालत होते! मला हलताच येईना.

तेवढ्यात वाटेनं मामा आले. नवी सून माळावर पालथी पडलेली बघून त्यांची काय अवस्था झाली असेल! "अगं पोरी! चक्कर आली का काय? कुनी हाय का रं तिकडं!"

मी मान वर केली. पदर कुठं, कुंकू कुठं, गालाला माती. "मामा, उगवायलंय!" मी ओरडले. "पाय टाकू नका! जागच्या जागी थांबा! उगवायलंय!"

मामा एक पाय उचललेला तसाच धरून उभे राहिले, बगळ्यासारखे. सासऱ्यावर ओरडलेली सून गावात मी पहिलीच असेन. पण त्यांनी पाय टाकला नाही. मागं सरकून सरकून ते कुंपणाबाहेर गेले.

ह्यांच्या तिफणीच्या ओळींत काही म्हणजे काही उगवलं नव्हतं. मी एके ठिकाणी माती उकरली. बोटभर खाली बियांतून पांढरे कोंब निघालेले, वर यायला धडपडलेले आणि वाटेतच संपलेले. एवढंसं बी, त्याची शिदोरी ती केवढी. हे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "अक्षताच बऱ्या व्हत्या."

आणि मग पाऊस उघडला.

पहिले काही दिवस आम्ही मनावर घेतलं नाही. मग वारा सुटला. तो कोरडा, सारखा वाहणारा वारा, ज्यानं माळाची वरची माती पापडासारखी कडक होते. धागे मलूल झाले. पानं सुईसारखी गुंडाळली. आधी राखाडी झाली, मग तपकिरी. मी दोन घागरी पाणी घालून बघितलं तर माती आणखीच घट्ट बसली. जाऊबाईंनी माझ्या हातातली घागर काढून घेतली. "किती घालशील?" म्हणाल्या. "आड आटला तर मानसं काय पितील?"

मी त्या दिवशी जेवले नाही. ज्या ठिकाणी गाल लावून मी पाहिलं होतं, तिथं आता सगळीकडं वाळका चुरा होता. हातात घेतला की उडून जायचा.

जाऊबाई मात्र मेंढरांच्या मागं जाता-येता कुंपणाशी थांबत होत्या. एक दिवस दुपारी त्यांनी तिथूनच हाक मारली. मुंग्यांना शिव्या दिल्या तेव्हाही त्यांचा आवाज इतका चढला नव्हता. "ये! पळत ये! चूल ऱ्हाऊ दे!"

मी पळत गेले. त्या एका दगडाशी बसल्या होत्या. नारळाएवढा साधा काळा दगड. दुपारची सावली त्याच्या उगवतीकडं पडली होती, आणि त्या सावलीत मारवेलाची चार रोपं उभी होती. हिरवी! पानं उघडी! आम्ही दुसऱ्या दगडाकडं धावलो. तिथंही! तिसऱ्याकडं एकच, पण जिवंत! मग माझं लक्ष गेलं. आम्ही गोळ्या टाकायच्या आधी एकदा मेंढरं त्या तुकड्यातून गेली होती, ओली माती असताना. त्यांच्या खुरांचे खळगे राहिले होते. एकेका खळग्याच्या तळाशी थोडा पालापाचोळा साचलेला आणि त्यातून हिरवं टोक डोकावत होतं. सपाट जागेवरचं सगळं मेलं होतं. जिथं म्हणून जरा आडोसा होता, तिथं जगलं होतं.

मी एक मेलेलं रोप उपटलं. त्याला खाली एकच मुळी होती, दोऱ्याएवढी, सुकून तुटलेली. मग जीव घट्ट करून एक जिवंत रोप पालापाचोळ्यातून अलगद उकरलं. त्याला तशीच एक दोऱ्याएवढी मुळी, पण बुडाच्या पेऱ्यातून आणखी एक निघालेली. पांढरीशुभ्र, जाड, रसरशीत, सरळ खाली गेलेली.

"बाई, बघा!" मी म्हटलं. "ह्येनं दुसरा पाय टेकलाय!"

जाऊबाईंनी ते रोप माझ्या हातातून घेतलं, परत खळग्यात लावलं, भोवती माती दाबली, आणि तिथंच बसून रडायला लागल्या. मीही रडले. आनंदानं रडायचं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

पाऊस परतला तेव्हा आम्ही तयार होतो. माती भिजून मऊ झाल्यावर जाऊबाईंनी सगळा कळप कुंपणात घेतला, पण जगलेल्या रोपांच्या भोवती आधी काट्या रोवून. मोकळ्या जागेवरून मेंढरं मागं-पुढं फिरवली, मळणीच्या खळ्यात बैल फिरवावेत तशी. त्यांच्या खुरांनी जमीन खळग्या-खळग्यांची झाली. मडक्यातल्या राखलेल्या गोळ्या मी एकेक खळग्यात टाकत मागून चालले. वर चिमूटभर पाचोळा. आणि हे नाल्यातून दगड आणत होते. पाटीमागून पाटी, घामाघूम, आणि दर दगड ठेवताना विचारायचे, "हितं? सावली कुनीकडं पडंल?"

मामा कुंपणापाशी काठीवर हनुवटी टेकून उभे होते. वाटेनं जाणाऱ्या एका शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, बघा. लोक रानातले दगड येचून भाईर टाकतेत, अन् माझ्या सुना भाईरचे दगड आत आनून घालायल्यात. पोरगं बी त्येंच्यात सामील!" पण हे सांगताना ते हसत होते.

ह्या वेळी पाऊस अधूनमधून येत राहिला. पोळ्यापर्यंत दगडा-दगडाशी वीतभर उंचीची झुडपं उभी होती. आम्ही दोघी पोळ्याच्या पुरणाला लागलो होतो, तेव्हा हे अंगणातून ओरडले, "शेरडं शिरली! माळावर शेरडं शिरली!"

पुरण तसंच टाकून आम्ही धावलो. कुणाची तरी शेळ्यांची खांडच्या खांड काट्या सारून आत घुसली होती. आम्ही पोचेस्तोवर तुकडा सपाट. शेंड्यांचं नाव नाही. नुसती बोटभर खुंटं. जाऊबाईंनी काठीनं शेळ्या पिटाळल्या आणि मग काठी खाली टाकून उभ्या राहिल्या. आम्ही दोघी रडायला लागलो.

मामा मागून धापा टाकत आले. त्यांनी सगळीकडं नजर फिरवली. मग वाकले, एका खुंटाला मुठीत धरलं आणि ओढलं. ते आलं नाही. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी ओढलं. पानाचा तुकडा हातात आला, ठोंब तिथंच. दुसरं धरलं, तिसरं धरलं. मामांचा चेहरा बदलत गेला.

"पोरीहो," ते म्हणाले, "रडायला काय झालं? शेरडांनी वरचं खाल्लं. उपटून एक बी निघालं न्हाई. आरं, ह्येंचा जीव मातीत बसला!"

आणि खरोखरच, पुढच्या पावसानंतर ती खुंटं फुटली. जिथं एक काडी होती तिथं सात-आठ. बुडाशी दाट, गोल, हाताच्या पंज्याएवढे ठोंब झाले. शेळ्यांनी नासाडी केली म्हणावी की छाटणी, आम्हाला कळेना. मामा आता रोज सकाळी तोंड धुतलं की आधी माळावर जायचे. एकदा मी लांबून पाहिलं. इकडंतिकडं कुणी नाही असं बघून ते हळूच पालथे झोपले आणि गाल मातीला लावला. मी आल्या पावली परत फिरले.

दिवाळी आली. मारवेलाला पहिली कणसं आली, आणि ती आम्ही कापली नाहीत. बी पिकून तिथंच झडू दिलं. बाजाराचा दिवस उजाडला तेव्हा जाऊबाई पहाटेपासून वाड्यात होत्या. एकेका मेंढीच्या अंगावर हात फिरवत होत्या. मी दुधाचा तांब्या घेऊन दारात उभी. मामा बाहेर आले, जाऊबाईंकडं बघितलं, आणि जरा रागावल्यासारखंच म्हणाले, "अशी काय उभी हायेस? चरायला सोड की. ऊन चढायलंय."

"बाजार?" जाऊबाईंनी विचारलं.

"कशाचा बाजार? गवत कुनासाठी लावलंय मग?"

जाऊबाई वाड्याचं झाप उघडायला वळल्या, आणि गडबडीत त्यांना ते उघडताच येईना. मी तांब्या खाली ठेवला आणि धावले. मेंढरं दोघींच्या मधून लोटली, आणि आम्ही त्या धुळीत उभ्या राहून खदखदून हसत होतो.

ते वर्ष मेंढरांनी गंगाकाठी आणि शेतांतल्या धसकटांवर काढलं. पुढच्या पावसाळ्यात माळावर मला पालथं झोपावं लागलं नाही. ठोंबांच्या मधल्या जागेत, त्यांच्याच सावलीत, नवी रोपं आपोआप उगवली होती. आश्विनात सगळा तुकडा गुडघ्यापर्यंत झाला, कडेला पवन्याही धरला. एका सकाळी आम्ही कुंपणाची एक बाजू मोकळी केली आणि कळप आत सोडला. मेंढरं क्षणभर थबकली. मग माना खाली गेल्या त्या वर येईचनात. माळभर नुसता कुरकुर-कुरकुर आवाज भरून राहिला, तोडण्याचा आणि चावण्याचा. आम्ही सगळे कुंपणाशी उभे राहून तो ऐकत होतो.

थोड्या वेळानं मामांनी काठी उचलून माळाच्या वरच्या अंगाला दाखवली, जिथं अजून कुसळी उभी होती. "तेवढं ऱ्हायलंय," म्हणाले. "ह्या मारवेलाचं बी कधी काढायचं?"

जाऊबाईंनी कमरेला पदर खोचला. "आत्ताच," त्या म्हणाल्या, आणि मला घेऊन गवतात शिरल्या.